‘की नॉट डिटेक्टेड’: कीलेस गाडीतला दोष शोधायचा कसा

हँडलवरचे बटण दाबले तरी दार उघडत नाही. किंवा दार उघडते, पण स्टार्टचे बटण दाबल्यावर मीटरवर ‘की नॉट डिटेक्टेड’ असा संदेश येतो. अशी गाडी वर्कशॉपमध्ये गेली की बऱ्याचदा पहिला अंदाज सर्वांत महाग भागाचा निघतो: बीसीएम, म्हणजे दारे, दिवे, लॉक आणि अलार्म सांभाळणारे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. ते खराब होतच नाही असे नाही, पण क्वचित. दोष निघतो तो फोबच्या, म्हणजे बटणांच्या इलेक्ट्रॉनिक चावीच्या, सेलमध्ये, दाराच्या वाकणाऱ्या वायरीत, पाणी शिरलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा ब्रेक पेडलवरच्या स्विचमध्ये. हे न तपासता मॉड्यूल बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यातून नव्या मॉड्यूलला चाव्या शिकवण्याचा खर्च वेगळाच.

खालच्या बहुतेक तपासण्या घरी होतात. त्यासाठी एक डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, प्लॅस्टिकची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक नवा सेल लागेल. शक्य असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या मॉड्यूलमधले दोषाचे कोड वाचणारे यंत्र. आणि गाडीची दुसरी चावी. ती कपाटात पडून असेल तर आधी शोधून काढा, कारण निम्मे निदान तिच्यावरच होते.

एका चावीत तीन यंत्रणा

फोबच्या एकाच डबीत तीन वेगळ्या यंत्रणा असतात. त्या वेगळ्या धरल्या की घोडे कुठे पेंड खाते ते लवकर कळते.

पहिली रिमोट लॉकिंगची. फोबवरचे बटण दाबले की फोब स्वतःच्या सेलवर रेडिओ संदेश पाठवतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही फ्रीक्वेन्सी ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. संदेश एकाच दिशेने जातो, फोबकडून गाडीकडे. दर वेळी कोड बदलतो, म्हणून याला रोलिंग कोड म्हणतात.

दुसरी स्मार्ट एंट्रीची, म्हणजे चावी खिशात ठेवून दार उघडण्याची. इथे सुरुवात गाडी करते. हँडलचे बटण दाबले की हँडलमधली अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक देते. ही हाक जेमतेम मीटरभर पोचते. फोबमधली कॉइल ती ऐकते, फोब जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. स्टार्टचे बटण दाबल्यावरही हेच घडते, फक्त हाक केबिनमधल्या अँटेनांकडून येते. त्या बहुधा गिअरच्या कन्सोलखाली, मागच्या सीटजवळ आणि डिकीत असतात.

तिसरी इमोबिलायझरची. चावीत एक ट्रान्सपाँडर चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी लावायच्या जागेभोवतीची किंवा स्टार्ट बटणामागची कॉइल तिला चुंबकीय क्षेत्रातूनच वीज पुरवते आणि तिचा कोड वाचते. कोड जुळला तरच ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या मॉड्यूलला, इंधन आणि स्पार्क सोडण्याची परवानगी मिळते. सेल पूर्ण मेलेला फोब स्टार्ट बटणाला टेकवला तरी गाडी सुरू होते, ती या चिपमुळे. टेकवण्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते: कुठे बटण, कुठे कप होल्डरजवळचा खाच, कुठे स्टिअरिंग कॉलमची बाजू. मॅन्युअलमध्ये ती चित्रासह दिलेली असते.

कुठलाही भाग उघडण्याआधी

दोन्ही चाव्या घ्या. एक तपासताना दुसरी गाडीपासून किमान दहा मीटर लांब ठेवा, नाहीतर निकाल फसवा येतो. प्रत्येक चावीने पुढच्या गोष्टी करून कागदावर हो-नाही लिहा: फोबच्या बटणाने लॉक-अनलॉक, ड्रायव्हरच्या हँडलने, शेजारच्या हँडलने, डिकीच्या बटणाने, चावी खिशात असताना स्टार्ट, फोब टेकवून स्टार्ट, आतल्या लोखंडी चावीने दार.

लोखंडी चावीने दार उघडले तर काही गाड्यांत अलार्म वाजतो. घाबरू नका, फोब टेकवून गाडी सुरू केली की तो थांबतो. काही मॉडेलांत चावीचे भोक हँडलच्या टोपणाखाली लपलेले असते.

आता कागद वाचा. एकाच चावीने काहीच होत नाही आणि दुसरीने सगळे होते, तर गाडी निर्दोष आहे, त्या चावीकडे बघा. दोन्ही चाव्यांची बटणे चालतात पण एकच हँडल चालत नाही, तर दोष त्या हँडलच्या स्विचमध्ये, अँटेनात किंवा त्या दाराच्या वायरिंगमध्ये. बटणे चालतात, पण एकही हँडल चालत नाही आणि खिशातून स्टार्टही होत नाही, तर १२५ किलोहर्ट्झची बाजू तपासा. हे एकाच चावीबाबत होत असेल तर फोबमधली कॉइल, दोन्हींबाबत होत असेल तर जवळपासचा गोंगाट किंवा अँटेना चालवणारा भाग. दोन्ही चाव्यांनी काहीच चालत नाही पण टेकवून गाडी सुरू होते, तर गाडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर, त्याचा फ्यूज किंवा बाहेरचा रेडिओ अडथळा. टेकवूनही सुरू होत नसेल तर आधी गाडीची बॅटरी, मग ब्रेकचा स्विच, आणि त्यानंतरच इमोबिलायझर.

बाहेरून हँडलने लॉकच होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा दोष नसतेच. दुसरी चावी गाडीत राहिली असेल, एखादे दार अर्धवट लागले असेल किंवा गाडी ‘एसीसी’वर (इंजिन बंद, पण वीज चालू) असेल, तर गाडी मुद्दामच लॉक होत नाही.

फोब

सेलचा आकार आधी मॅन्युअलमध्ये बघा. सर्रास दिसणारा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी २.५ मिलिमीटर. दुकानदार कधी कधी ‘चालेल हा’ म्हणून तो देतो. व्होल्टेज सारखेच, पण ०.७ मिलिमीटरची ढिलाई राहते. मग फोब हातात धरला की चालतो आणि खिशात हलला की बंद पडतो.

नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. जुनाही अनेकदा ३.० दाखवतो, म्हणून नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका. सेलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर एक-दोन सेकंद धरा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचा. चांगला सेल साधारण २.७ च्या आसपास टिकतो, थकलेला पाहता पाहता २.४ च्या खाली जातो. फोब संदेश पाठवतो त्या क्षणी त्याला असाच झटक्याचा करंट लागतो, त्यामुळे खरी परीक्षा ही आहे.

काही कंपन्या लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. काही फोबांत त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही. कापडावर अल्कोहोल घेऊन सेलच्या दोन्ही बाजू पुसा. काढलेला सेल मात्र मुलांच्या हाती लागेल असा टाकू नका. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो, तेव्हा एक क्षणही न थांबता दवाखाना गाठावा लागतो.

नवा सेल घालूनही बटण चालत नसेल तर सर्किट बाहेर काढा. सेलच्या पितळी पट्ट्या अलगद वर उचला. हिरवट डाग असेल तर अल्कोहोल आणि जुना दात घासण्याचा ब्रश. बटणाखालचा छोटा स्विच मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा: दाबल्यावर शून्याजवळ आणि सोडल्यावर ओपन. दाबून शंभर-दोनशे ओहम दिसले तर स्विच झिजला आहे. तो काही रुपयांचा भाग असतो, मात्र मोजमाप घेऊन अगदी तसाच आणा. सोल्डर करताना बारीक टोकाचा आयर्न, ३२० ते ३५० अंश, आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. स्विच अडकून दाबलेलाच राहिला तर नवा सेलही एक-दोन दिवसांत संपतो.

फोब वरून फरशीवर पडल्यापासून बिघडला असेल तर दोन भाग संशयित: फ्रीक्वेन्सी देणारा क्रिस्टल आणि १२५ किलोहर्ट्झची तीन दिशांची कॉइल. कॉइल हा सर्किटवरचा सर्वांत जड चौकोनी ठोकळा असतो आणि पडल्यावर त्याचेच सोल्डर तडकते. बटणे चालतात पण हँडल ओळखत नाही, हे त्याचेच लक्षण. भिंगातून बघा, सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसते.

फ्लिप चावीचे कव्हर बदलून आणल्यावर ‘दार उघडते पण गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार आली, तर जुने कव्हर कुठे टाकले ते आधी विचारा. अनेक फ्लिप चाव्यांत ट्रान्सपाँडर चिप सर्किटवर नसते. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काळा तुकडा कव्हरच्या कोपऱ्यात वेगळा बसवलेला असतो आणि तो जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात जातो. चावीवाल्याकडे कव्हर बदलायला दिले असेल तर तो तुकडा नव्या कव्हरमध्ये गेला की नाही हे तिथेच उभे राहून बघा.

रोलिंग कोडचा मेळ सुटणे ही आणखी एक शक्यता. मुलाने खेळताना गाडीपासून लांब बटण शेकडो वेळा दाबले, तर फोबचा आकडा गाडीच्या आकड्यापेक्षा फार पुढे जातो. बऱ्याच गाड्यांत चावी लावून इग्निशन चालू केले किंवा फोब टेकवून गाडी सुरू केली की मेळ आपोआप बसतो. काहींना मॅन्युअलमधली क्रमवार कृती लागते.

बारा व्होल्टची बॅटरी

गाडी चार-पाच तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५.

व्होल्टेज घसरले की मॉड्यूल मध्येच रीसेट होतात आणि मीटरवर चावी न सापडल्याचा खोटा संदेश येतो, लॉक खडखड वाजतात. स्कॅनर लावला तर एकाच वेळी दहा-पंधरा कोड निघतात आणि मेकॅनिक घाबरतो. बॅटरी चार्ज करून सगळे कोड पुसा आणि पुन्हा वाचा. जे परत येतील तेवढेच खरे.

टर्मिनल हाताने फिरले तर ढिले आहे. पांढरे-निळे फूल धरले असेल तर गरम पाण्याने धुवा. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून बॉडीच्या उघड्या धातूपर्यंतचे व्होल्टेज ०.३ च्या आत असावे. जास्त असेल तर अर्थची पट्टी खोलून घासा.

बटण दाबूनही सुरू न होणारी, पण चावी ओळखणारी गाडी

हा प्रश्न चावीच्या खात्यात मांडला जातो, पण तो बहुधा ब्रेकच्या दिव्याचा असतो. पुश स्टार्ट गाडीत ब्रेक दाबल्याचा, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. नुसते मीटर चालू होते. ब्रेक दाबून कुणाला तरी मागे बघायला सांगा. मागचे ब्रेक दिवे लागले नाहीत, किंवा पेडल फार खोल गेल्यावर लागले, तर फ्यूज आणि पेडलच्या वर बसवलेला स्विच तपासा. त्या स्विचची किंमत बीसीएमच्या किमतीपुढे काहीच नाही.

हवेतला गोंगाट

एकाच जागी गाडी ऐकत नाही आणि दुसरीकडे ऐकते, तर दोष गाडीत नाही. गाडी ५० मीटर लांब नेऊन पुन्हा तपासा. त्याच पार्किंगमधल्या दुसऱ्या गाड्यांचे रिमोटही अडखळत असतील तर जवळ कुठेतरी ४३३ मेगाहर्ट्झचे काहीतरी सतत बोलते आहे. गेटच्या रिमोटचे अडकलेले बटण किंवा बिघडलेली वायरलेस डोअरबेल एवढे करू शकते. भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे, त्यामुळे तिथे गर्दी असतेच.

१२५ किलोहर्ट्झचा गोंगाट मात्र गाडीतच तयार होतो. लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅमचा प्लग, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलॅम्प. हे सगळे काढून पुन्हा तपासा. चावी वायरलेस चार्जिंगच्या तबकावर ठेवू नका. क्यूआय चार्जर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे चावीची फ्रीक्वेन्सी नेमकी त्याच्या पट्ट्यात येते. फोनला किंवा दुसऱ्या फोबला चिकटून ठेवलेली चावीही अशीच दडते.

याउलट, चावी रात्रभर गाडीच्या अगदी जवळ राहिली तरी त्रास होतो. रो-हाउसमध्ये पार्किंगच्या भिंतीला लागूनच चावी टांगायचा खिळा असतो. काही गाड्या फोब जवळ जाणवला की जागत राहतात आणि सेल व बॅटरी दोन्ही लवकर संपतात. खिळा तीन-चार मीटर आत हलवा.

हँडल, दार आणि दाराची वायरिंग

हँडलमध्ये बटण असेल तर रबराखाली धूळ आणि पाणी साचून ते चिकटते. स्पर्शाने चालणारे असेल तर जोराच्या पावसात ते अधूनमधून चुकणे स्वाभाविक आहे. अँटेना हाक देते का, हे १२५ किलोहर्ट्झचे क्षेत्र दाखवणाऱ्या एलईडी कार्डाने कळते. कार्ड हँडलला टेकवून बटण दाबले की दिवा क्षणभर चमकायला हवा. अँटेना ओहममध्ये मोजायची झाली तर आकडा पाठ करू नका. काही अँटेनांत कपॅसिटर सिरीजमध्ये असतो आणि निर्दोष अँटेनाही ओपन दाखवते. उजव्या आणि डाव्या दाराची अँटेना काढून एकमेकींशी ताडून बघा.

आता दाराची वायरिंग. इथे वेळ द्या, कारण जुन्या गाड्यांतले ‘कधी होते, कधी होत नाही’ जातीचे सर्वाधिक दोष इथे निघतात. बॉडीचा खांब आणि दार यांच्यामध्ये रबराची नळी असते. दार उघडले-लावले की त्यातल्या वायरी वाकतात. ड्रायव्हरचे दार रोज कितीतरी वेळा उघडते, त्यामुळे पहिला बळी तेच. नंतर डिकीचे दार.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. रबराची नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवा. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा. आतले तांबे तुटले असेल तर वरचे प्लॅस्टिक शाबूत दिसते, पण वायर रबरासारखी ताणते. निर्दोष वायर ताणत नाही. दुरुस्ती करताना वायरी पिळून टेप मारू नका, पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा निघेल. बारीक तारांची लवचीक वायर घ्या, सिग्नलला ०.५ चौरस मिलिमीटर आणि मोटारीला १ ते १.५. जोड वाकणाऱ्या भागात देऊ नका, दाराच्या किंवा खांबाच्या आत न्या. सगळे जोड एकाच रेषेत आले तर नळीत गाठ होते, म्हणून ते पुढेमागे ठेवा. सोल्डर आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह. हात घालताना पिवळ्या कपलरना स्पर्श करू नका, ते एअरबॅगचे असतात.

दार लागले की नाही हे सांगणारा स्विच आजकाल लॅचच्या, म्हणजे दार अडकवणाऱ्या कुलपाच्या, आतच असतो. ग्रीस सुकून त्यात माती बसली की दार बंद असूनही मीटर ‘उघडे’ दाखवते. मग हँडलने लॉक होत नाही, आतला दिवा विझत नाही आणि अलार्म लागत नाही. दार उघडे ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॅचचा आकडा दोन टिचक्यांत बंद करा. मीटरवरची खूण जायला हवी. ती गेली नाही तर लॅचमध्ये फवाऱ्याने कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आकडा वीसेक वेळा चालवा. नंतर हँडल ओढून आकडा उघडायला विसरू नका. बंद लॅचवर दार आपटले तर लॅच आणि खांबावरचा स्ट्रायकर दोन्ही वाकतात.

एकच दार लॉक होत नसेल तर अ‍ॅक्च्युएटरच्या (लॉक हलवणाऱ्या मोटारीच्या) दोन वायरींवर टेस्ट लॅम्प लावून लॉक दाबा. दिवा अर्धा सेकंद चमकला आणि मोटार हलली नाही, तर मोटार गेली. दिवाच लागला नाही, तर वायर किंवा रिले. टेस्ट लॅम्प फक्त मोटारीच्या आणि फ्यूजच्या वायरींवर वापरा. सिग्नलच्या आणि कॅन बसच्या (मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या) वायरींवर तो लावला तर बल्बच्या करंटने मॉड्यूलला इजा होऊ शकते. तिथे मीटरच.

बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये एक ठरलेला दोष असतो: लॉक होते आणि लगेच अनलॉक होते. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींचा मास्टर अ‍ॅक्च्युएटर असतो. दोन वायरी मोटारीच्या, तीन स्थिती सांगणाऱ्या स्विचच्या. त्याला लॉकशी जोडणारी सळई पूर्ण सरकली नाही की स्विच अर्ध्यात अडकतो, युनिटला वाटते कुणीतरी हाताने उघडले, आणि ते सगळी दारे उघडते. सळईचा स्क्रू ढिला करून दोन-तीन मिलिमीटर सरकवा.

पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात सुरू झालेला दोष असेल तर आधी गालिचाखाली हात घाला. वायपरखालच्या जाळीत गुलमोहर आणि सोनमोहराची बारीक पाने साचून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी फ्यूज बॉक्सवर किंवा पायाजवळच्या कपलरवर उतरते. सनरूफच्या नळ्या तुंबल्या तरी तेच. कपलर उघडून हिरवट पिन दिसली तर बॅटरी काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रश फिरवा, वाळू द्या. पिन ढिली वाटली तर तिच्या जोडीची पिन घालून पकड बघा. पाण्यात बुडालेल्या गाडीत मात्र बटणे दाबून ‘चालते का’ बघू नका. आधी निगेटिव्ह काढा, कारण ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की त्यावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात.

उंदराने कुरतडलेली वायर बहुधा इंजिनच्या वरच्या भागात आणि बॉनेट स्विचजवळ सापडते. लेंड्या आणि वायरीचे कुरतडलेले तुकडे दिसले की फ्यूज तपासण्याआधी वायरिंगच्या खालच्या बाजूने हात फिरवा, उंदीर वरून दिसेल अशा जागी क्वचितच कुरतडतो.

इमोबिलायझर

सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पेटते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते. किंवा इग्निशन चालू असताना चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. दुसऱ्या चावीने सुरू झाली तर पहिल्या चावीची चिप. दोन्हींनी नाही तर कॉइल, तिचा कपलर, मॉड्यूलचा पुरवठा किंवा ईसीएमपर्यंतची वायर. चावीच्या साखळीत दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी असेल तर ती वेगळी करून बघा. दोन चिपा एकाच कॉइलला उत्तर देऊ लागल्या की कोड वाचता येत नाही.

स्कॅनरवर पी०५१३ म्हणजे चुकीची चावी आणि पी०६३३ म्हणजे ईसीएमला चावी शिकवलेली नाही. यू०१४० म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर मॉड्यूलशी. स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतो. ‘कोड नाही’ असे त्याने सांगितले तरी बीसीएममध्ये कोड असू शकतात, ते वाचायला अनेक कंपन्यांना चालणारा स्कॅनर किंवा कंपनीचा स्कॅनर लागतो.

यू कोड येत असतील तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर कॅन बस ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथवरची वायर तुटली. शून्याजवळ म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. मध्ये गेटवे मॉड्यूल (बसचे वेगवेगळे भाग जोडणारे) असलेल्या गाड्यांत हा आकडा फक्त सॉकेटपासून गेटवेपर्यंतच्या भागाचा असतो.

विनाकारण वाजणारा अलार्म आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

अलार्म वाजण्याचे कारण अनेक बीसीएम नोंदवून ठेवतात. स्कॅनरवर ‘शेवटचा अलार्म’ अशी नोंद शोधा. ती नसेल तर बॉनेट स्विच पहिला. तो इंजिनच्या उष्णतेत आणि चिखलात असतो. बॉनेट उघड-बंद करून स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये बघा. नुसता कपलर काढून निष्कर्ष काढू नका, कारण काही गाड्या मोकळ्या वायरीला ‘उघडे’ समजतात आणि काही ‘बंद’. आतल्या हालचालीचा सेन्सर असेल तर आरशाला टांगलेली माळ आणि किंचित उघडी काच एवढे पुरते.

बॅटरी कोण पितो हे बघायचे तर:

१. चावी लांब ठेवा, ओबीडी डोंगल काढा, दारांचे आणि बॉनेटचे आकडे स्क्रूड्रायव्हरने बंद करा.
२. मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याचा एक क्लिप निगेटिव्ह खांबाला आणि दुसरा निगेटिव्ह केबलला लावा. मग केबल खांबापासून सोडवा. मध्ये खंड पडला नाही तर मॉड्यूल जागे होत नाहीत.
३. ३० ते ४५ मिनिटे थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.
४. २० ते ५० मिलीअँपिअर ठीक. ५० च्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते. ४०० मिलीअँपिअर असेल तर दोन दिवसांत.
५. फ्यूज उपटू नका, उपटला की सर्किट जागे होते. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नसेल त्या फ्यूजमधून करंट जातो आहे.

त्या फ्यूजवर बहुधा बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चिकटलेला रिले किंवा डिकीचा न विझणारा दिवा सापडतो. काहीच सापडले नाही तर हँडलचे अडकलेले बटण बघा. ते गाडीला झोपूच देत नाही.

नवी चावी शिकवताना

दोन्ही चाव्या हजर ठेवा. काही गाड्यांत शिकवण्याच्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून पुसली जाते. शिकवणे चालू असताना बॅटरीला चार्जर लावा. मध्येच व्होल्टेज पडले तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेले राहते. स्मार्ट फोब जुना घेऊ नका. बहुतेक फोब पहिल्या गाडीला कायमचे बांधले जातात. अमेरिकेतून कुणी तोच दिसणारा फोब आणला तर त्यावरची फ्रीक्वेन्सी वाचा. तिथे ३१५ मेगाहर्ट्झ सर्रास वापरतात आणि तो फोब इथल्या ४३३ च्या गाडीशी कधीच बोलणार नाही.

चावीबरोबर आलेला नंबर कोरलेला छोटा बिल्ला गाडीत नव्हे, घरी कागदपत्रांत ठेवा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि तो बिल्ला मागून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, आणि सगळ्या चाव्या हरवल्या तर बिल्ल्याच्या नंबरावरून लोखंडी पाते तरी कापून मिळते.